माझं मत 'सना'ला
ऑरलँडोच्या डिस्नेत काय खावं, यावर कुणी टोंगा टोस्ट सुचवलाय, तो भारीच. जाड सॉवरडोच्या (आंबवलेल्या पिठाच्या पावाच्या) पोटात केळी, तळून दालचिनी-साखरेत घोळवलेला. दोघांत एक पुरे. पण माझं मत 'सना' या रेस्टॉरंटला, डिस्नेच्या अ‍ॅनिमल किंगडम लॉज या हॉटेलात, त्याच्या किडानी व्हिलेज भागात. तिथली ब्रेड सर्व्हिस म्हणजे नान, कांद्याचा कुलचा, पनीर पराठा आणि सोबत 9 वाट्या: रायतं, चिंचेची चटणी, लसणाचं लोणचं, टोमॅटो-खजुराचा जॅम वगैरे. (अमेरिकेत जाऊन नान कसला खायचा, म्हणून नाक मुरडू नका.) गरम कुलचा तोडून त्या जॅममध्ये बुडवा, आंबटगोड झकास लागतो. त्या वाट्यांतलं हमस (काबुली चण्याची चटणी) मला तरी बेताचंच वाटलं. उजेडी जा, खिडकीबाहेर जिराफ, झेब्रे दिसतात. डिस्ने पार्कचं तिकीट लागत नाही, टेबल मात्र आधी बुक करा.