रात्री हाताला मुंग्या येऊन जाग येते, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

गेले दोन महिने रात्री तीनच्या सुमारास उजव्या हाताला मुंग्या येऊन जाग येते. हात अगदी दुसऱ्या कुणाचा असावा तसा बधिर. उठून चार-पाच वेळा झटकला की जीव येतो, पण झोप गेली ती गेलीच. परवा अंधारात पाण्याचा पेला उचलला तर निसटलाच, घरचे सगळे जागे!

मुंग्या अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेच्या अर्ध्या भागात येतात, करंगळी ठणठणीत. डॉक्टरांनी आधी हेच विचारलं. म्हणाले, कार्पल टनेल दिसतंय. मनगटातल्या अरुंद बोगद्यातून जाणारी नस झोपेत मनगट दुमडलं की दबते. करंगळीत मुंग्या असत्या तर कोपराकडच्या नसेचा संशय घेतला असता. साखर, थायरॉईड आणि बी-१२ तपासायला दिलंय. शिवाय रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा, म्हणजे स्प्लिंट.

पट्टा लावून आज ६ दिवस झाले. दोन रात्री बऱ्या गेल्या, पण काल झोपेतच मी तो काढून फेकला होता.

ज्यांनी हे भोगलंय त्यांनी सांगा: पट्ट्याने गुण यायला किती आठवडे लागले? तो किती घट्ट बांधायचा? नसांची नर्व्ह कंडक्शन टेस्ट फार दुखते का? आणि दिवसभर कीबोर्डवर काम करणाऱ्यांनी नेमकं काय बदललं?

(मान मोडून घ्या, हा सल्ला आधीच तिघांनी दिलाय. तो नको.)