मदत हवी आहे: दिवाडी-नार्वे कयाकिंग, सोबत ६८ वर्षांचे बाबा

पर्वरीवासी:

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

मी मूळचा सांगलीचा, नोकरीनिमित्त सहा वर्षं पर्वरीत. पुढच्या महिन्यात आई-बाबा येताहेत. बाबा ६८ वर्षांचे, शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले. उजवा गुडघा कुरकुरतो, बाकी ठणठणीत. आजवर चार वेळा गोव्यात आले, समुद्राकडे ढुंकूनही पाहिलं नाही. या वेळी मात्र फर्मान निघालंय: सप्तकोटेश्वराला नदीतून जायचं. गोव्याच्या कदंब राजांचा हा देव मूळचा दिवाडी बेटावरचा. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी देऊळ पाडलं, लिंग मांडवी नदीपलीकडे डिचोलीच्या बाजूला नार्व्याला नेलं गेलं आणि तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार १६६८ मध्ये महाराजांनी केला. हे बाबांनी तीस वर्षं फळ्यावर शिकवलं, पण ती नदी कधी ओलांडली नाही. मी म्हटलं, फेरीबोट आहे की, बसलो की पोचलो. तर म्हणे, "फेरीबोटीतून कोणीही जातं. लिंग नेणारे काय फेरीबोटीतून गेले होते?"

झालं. चौकशी केली तेव्हा एक जण दिवाडीच्या नार्वे धक्क्यावरून गाइडसह कयाक नेतो असं कळलं. आधी नदीने वरच्या अंगाला जायचं, खारफुटीतल्या एका फाट्यात शिरायचं, मग परत. साधारण अडीच तास. शनिवारी सकाळी साडेसहाला या म्हणतो. फोनवर विचारलं, अवघड आहे का? "काही नाही हो, लहान मुलंही करतात."

या वाक्याचीच मला धास्ती आहे. जानेवारीत ऑफिसच्या पोरांबरोबर मांडवीतच अशा एका ट्रिपला गेलो होतो (आयोजक दुसरे, नाव घेत नाही). त्यांनीही हेच सांगितलेलं. जाताना वल्हं मांडीवर ठेवलं तरी कयाक आपली पुढे पुढे. आम्ही फोटो काढतोय, गाणी म्हणतोय. परतताना तेच पाणी समोरून आलं. काठावर एका झुडपावर बगळा बसला होता. दहा मिनिटं जीव तोडून वल्हवलं आणि मान वर केली, तर बगळा तिथेच आणि आम्हीही तिथेच. शेवटी गाइडने दोरी बांधून ओढत नेलं. माझे खांदे तीन दिवस वर जात नव्हते, तिथे बाबांचं काय होईल?

तर विचारायचंय ते असं. दिवस आणि वेळ कशी ठरवावी? गुडघा वाकत नसेल तर कयाकमध्ये बसायचं कसं? आणि मगरी! आईने कुठेतरी व्हिडिओ पाहिलाय, ती काही ऐकायला तयार नाही.

खाजनकाठ:

तुमची ती ट्रिप पौर्णिमा किंवा अमावास्येच्या आसपास होती का? असणारच.

आमच्याकडे जुनी माणसं घड्याळ नाही, तिथी बघून होडी काढायची. हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट केली की भरती किती वाजता पूर्ण होणार ते कळतं. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट म्हणजे सव्वाअकरा. म्हणजे सकाळी सहा-सातला पाणी चढायला लागलेलं असतं आणि अकरापर्यंत चढतच राहतं. तुम्ही सातला चढत्या पाण्याबरोबर वर गेलात, नऊला मागे वळलात, तेव्हा अजून दोन तास भरती बाकी. वर उधाणाचे दिवस, पाण्याला ओढ जास्त. बगळा तिथेच राहणार नाहीतर काय!

आता दशमी घ्या. दहाची पाऊणपट साडेसात. नदीत आत भरती मुखापेक्षा थोडी उशिरा पोचते, म्हणजे आठ धरा. साडेसहाला निघालात तर शेवटच्या भरतीवर सावकाश वर जाल, आठच्या सुमारास पाणी थबकेल, त्या वेळात फाटा बघून घ्या आणि ओहोटीबरोबर खाली या. जाताना पाणी तुमचं, येतानाही तुमचं. शिवाय अष्टमी ते दशमी भांगाचे दिवस, ओढ मुळातच कमी. हा ठोकताळा आहे हं. नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यातून ताडून घ्या.

अजून एक. खारफुटीतले फाटे ओहोटीला नुसता चिखल असतात. कयाक रुतली की खाली उतरून ढकलायची सोय नाही, मांडीपर्यंत आत जाल. म्हणून फाट्यात शिरायचं ते पाणी भरलेलं असताना.

मगरी कुंभारजुवे कालव्यात आहेत. तो मांडवी आणि जुवारी जोडतो, दिवाडीच्या दक्षिणेकडे येतो. तिथे मगर दाखवायलाच बोटी नेतात. गाइड तिकडे वळवायला लागला तर नको म्हणा, नार्व्याच्या बाजूला चला. मगर कुठे येणारच नाही असं लिहून कोणी देणार नाही, पण काठावरच्या चिखलात हातपाय सोडून बसायचं नाही एवढं पाळा. आईंना सांगा, बोरीला पौष अमावास्येला खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात, चिखलाची मगर करून तिची पूजा करतात, मानगेथापणी म्हणतात त्याला. इथल्या लोकांनी तिच्याशी केव्हाच जमवून घेतलंय.

कोरडाठाक:

मला पोहता येत नाही, तरी दोनदा गेलोय. गुडघ्यासाठी वरून उघडी असते तसली कयाक मागा, पाय आत कोंबावे लागत नाहीत. घोटाभर पाण्यात कयाक दोघांनी धरायची, बाबांनी खुर्चीवर बसतात तसं आधी आडवं बसायचं, मग पाय उचलून आत. उतरतानाही असंच, उलट क्रमाने. डबल घ्या, मागे गाइड बसू दे. तुम्ही बाबांच्या मागे बसू नका, भांडाल.

धक्क्याच्या उताराला शेवाळ असतं आणि दगडांना कालवं चिकटलेली असतात, ब्लेडसारखी. माझ्या टाचेला तीन टाके पडलेत. हवाई चप्पल नको, मागे पट्टा असलेली सँडल घाला. लाइफ जॅकेट घातल्यावर खांद्याला धरून वर ओढून बघा. कानापर्यंत आलं तर ते ढिलं आहे, दुसरं मागा.

पर्वरीवासी:

खाजनकाठ, तुम्ही तारीख न विचारता निदान केलंत. फोटो उघडून बघितले, पौर्णिमेचाच दिवस होता. आणि हा शनिवार चतुर्दशी आहे! म्हणजे साडेदहाला भरती, पुन्हा तोच बगळा. दशमी त्याआधीच्या मंगळवारी येते. आयोजकाला विचारलं, तो म्हणाला मंगळवारी या, गर्दीही नसते. "शनिवार का सुचवलात मग?" तर म्हणे, "शनिवारच विचारतात सगळे."

बाबांना पाऊणपटीचा हिशेब फोनवर सांगितला. दोन मिनिटं गप्प. मग म्हणाले, "लिंग नेलं त्या रात्री तिथी काय होती, कुठे मिळेल?" आता हे मी कुठून आणू?

खाजनकाठ:

ते त्यांनाच शोधू दे. काळोख हवा म्हणून अमावास्या धरली असेल, तर रात्री बाराच्या आसपास नदी काठोकाठ भरलेली. होडी थेट काठाला लागली असणार, चिखल तुडवावा लागला नसेल. हा आपला माझा तर्क, इतिहास नव्हे, त्यांना तसं सांगा.

गाइडला एक मात्र आधीच बजावा. फेरीबोटीच्या वाटेत थांबायचं नाही. ती वळते तेव्हा दिसते त्यापेक्षा जवळ असते. बार्ज (मालवाहू बोट) आलीच तर तिच्या लाटांना कयाकचं तोंड द्यायचं, कूस नाही.

पर्वरीवासी:

मंगळवार पक्का केला, रजाही टाकली. आई धक्क्यावर थांबणार, नंतर फेरीबोटीने पलीकडे जाऊन तिघे देवळात. शेवटची शंका: जुने गोवेहून दिवाडीला जाणारी पहिली फेरीबोट साडेसहाच्या आधी पोचवते का, की आदल्या रात्री बेटावरच मुक्काम करावा?

कोरडाठाक:

मुक्काम करा. आणि आईंना खुर्ची न्या, धक्क्यावर बसायला काही नाही.