आफ्रिकेतील तरंगत्या कृंतकांना ‘उडती खार’ म्हणावे काय?

रानवाटा: पश्चिम व मध्य आफ्रिकेच्या वर्षावनांत ॲनोमॅल्युरस आणि इडियुरस हे कृंतक (उंदीर, खारी यांच्या गणातले कुरतडणारे प्राणी) रात्री अंगाच्या कातडीचा पडदा ताणून झाडावरून झाडावर तरंगत जातात. त्यांना ‘उडती खार’ म्हणून मोकळे होणे मला पटत नाही, कारण ते खारींच्या कुळातले नाहीतच. त्यांचा जवळचा हयात नातेवाईक म्हणजे टुणटुण उड्या मारणारा स्प्रिंगहेअर (‘हेअर’ म्हणजे ससा, पण तोही ससा नव्हे). सह्याद्रीतल्या उडत्या खारीचा पडदा मनगटापासून निघालेल्या कूर्चेच्या काडीवर ताणला जातो, तर यांची काडी कोपरापासून निघते. शिवाय शेपटीच्या बुडाशी, खालच्या बाजूला, टोकदार खवल्यांच्या दोन ओळी असतात. उभ्या खोडावर बसताना प्राणी त्या सालीत रुतवतो आणि घसरत नाही. म्हणून मी ‘खवलेशेपटी’ हे नाव सुचवतो.

घाटमाथा: असहमत. खवले मांजर हे मांजर नाही आणि पाणघोडा घोडा नाही, तरी या नावांनी कोणाची फसगत झाल्याचे ऐकिवात नाही. प्राणी डोळ्यांसमोर उभा करणे एवढेच नावाचे काम, आणि ते ‘आफ्रिकी उडती खार’ चोख करते.

रानवाटा: पाणघोड्याच्या नावावर दुसऱ्या कोणाचा हक्क नव्हता, इथे मात्र ‘उडती खार’ हे नाव आधीच एका प्राण्याचे आहे. दोन्ही वंशांनी तरंगण्याची कला स्वतंत्रपणे मिळवली, ही यातली खरी गंमत, आणि नेमकी तीच समान नावाने झाकली जाते.

जिज्ञासू: आपण दोघेही याच गटातल्या झेंकेरेला या आफ्रिकी कृंतकाला विसरलात. त्याला शेपटीचे खवले आहेत, पण पडदा नाही. पूर्वी तो इडियुरसचा जवळचा भाऊबंद मानला जाई, त्यामुळे त्याने पडदा गमावला असावा, असा तर्क होता. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या बिओको बेटावर फासांत सापडलेल्या नमुन्यांचा जनुकीय अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्याची शाखा तरंगणाऱ्यांपासून सुमारे ४.९ कोटी वर्षांपूर्वीच फुटल्याचे दिसले. म्हणजे त्याच्या पूर्वजांना पडदा कधी नसावाच. अशा प्राण्याला ‘उडती’ कसे म्हणणार?

घाटमाथा: झेंकेरेलापुरते मान्य. पण ‘खवलेशेपटी’ ऐकून वाचकाला पालच आठवेल, कारण उरलेली शेपटी केसाळ असते हे त्या नावातून कळत नाही. त्याला खुशाल झेंकेरेला म्हणा. तरंगणाऱ्यांना मी आफ्रिकी उडती खारच म्हणेन.