मदत हवी आहे: मालवणला दादा-ताई स्कूबाला जातील, सात वर्षांच्या लेकीला कसं सांगू?

नमस्कार मंडळी. आम्ही लातूरचे. मे महिन्यात दीर, जाऊबाई, त्यांची दोन मुलं (१२ आणि १४ वर्षांची) आणि आम्ही गाडी करून मालवण-तारकर्लीला निघतोय. या दोघा दादा-ताईंचं स्कूबाचं, म्हणजे हवेची टाकी लावून समुद्रात बुडी मारायचं, पक्कं आहे. आमची लेक सात वर्षांची, तिनं अजून समुद्रही पाहिलेला नाही. तिला पाण्याखाली जाता येणार नाही, हे अजून तिच्या कानावर घातलेलं नाही.

काळजीचं कारण दिवाळीतला वॉटर पार्क. मोठ्या घसरगुंडीपाशी उंचीची पट्टी रंगवलेली होती. लेकरू चवड्यांवर उभं राहिलं. तिथल्या माणसानं हळूच टाचा टेकवायला लावल्या आणि "पुढच्या वर्षी ये" म्हणाला. दादा-ताई जिना चढून गेलेसुद्धा. ती रडली नाही, पण संध्याकाळपर्यंत कुणाशी बोलली नाही. तेव्हापासून दाराच्या चौकटीला टेकून पेन्सिलनं खूण करून घेते, "वाढले का गं मी?"

सासरे म्हणतात, "वय दहा सांगा, कोण दाखला बघतंय?" नातीवरच्या मायेनंच म्हणतात, पण मला पटत नाही. पाण्याखाली कानावर दाब येतो, तो नाक दाबून, फुंकून आपला आपणच सोडवावा लागतो. कान दुखायला लागला तर एवढ्या लहान मुलाला वेळेवर खूण करायला सुचेलच असं नाही. 'पाडी' या डायव्हिंग संस्थेच्या नियमात समुद्रासाठी किमान वय १० आहे. ८ वर्षांच्या मुलांना फक्त पूलसारख्या शांत पाण्यात, तेही २ मीटरपर्यंत. शिवाय तिच्यादेखत वय खोटं सांगायचं, हे नकोच.

आईस्क्रीमनं भागणारं हे दुःख नाही. घसरगुंडी हुकल्यापेक्षा दादा-ताई आपल्याला सोडून गेले, हे तिला जास्त लागलंय.

तर सांगा, हे आत्ता घरीच स्पष्ट सांगावं, की तिथं गेल्यावर? आत्ता सांगितलं तर महिनाभर मनात घोळवेल अशी भीती वाटते. स्कूबाच्या वेळी तिला किनाऱ्यावर बसवावं, की आम्ही दोघांनी तिला घेऊन सिंधुदुर्ग किल्ल्यावर जावं? होडीचा प्रवास, चुन्यात उमटलेले महाराजांच्या हातापायाचे ठसे, हे तिला नक्की आवडेल. पण ते सगळ्यांनी मिळून बघावं असंही वाटतं.

आणि परत आल्यावर ती दोघं माशांबद्दल भरभरून बोलणारच. त्यांना गप्प बसवणं अन्यायाचं होईल. तुमच्या घरी अशा वेळी मोठ्या भावंडांना काय सांगून ठेवलं होतं?