एनएफएसला कर्बरॉस: होस्ट्स फाइल पुरे, की डीएनएसच हवं?

होटगीकर
अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल युनिटची कॉम्प्युटर मशिनं बघतो. डिझाइनच्या फाइली एनएफएसवर (सर्व्हरवरचं फोल्डर नेटवर्कवरून वापरायची सोय), त्याला कर्बरॉस (तिकीट देऊन ओळख पटवणारी यंत्रणा) लावलेलं. सर्व्हरचा आयपी बदलला आणि दोन मशिनींवर ते फोल्डर माउंट होईना, म्हणजे जोडलंच जाईना. एरर ‘ॲक्सेस डिनाइड’, म्हणून सगळे एक्सपोर्ट (कुठलं फोल्डर कुणाला द्यायचं त्या नोंदी) आणि परवानग्या उकरत बसले. घोळ नावाचा होता. नव्या आयपीची उलटी नोंद (आयपीवरून नाव सांगणारी) जुन्या प्रिंट सर्व्हरच्या नावाने तशीच पडून होती. त्या नावाचं एनएफएस प्रिन्सिपल (कर्बरॉसमधली ओळख) केडीसीत, म्हणजे तिकिटं देणाऱ्या सर्व्हरवर, नाही, तर तिकीट कुठून मिळणार? माझं मत: एवढ्याशा जागेत डीएनएसचं (नाव-आयपी जुळवून देणाऱ्या मध्यवर्ती सर्व्हरचं) लोढणं नको. प्रत्येक मशिनीवरच्या होस्ट्स फाइलीत (नाव-आयपीची यादी) एक ओळ टाका, विषय संपला.

पाणीवेस
संपला कुठं मालक? पुढच्या वेळी आयपी बदलला की परत मशिनीमागं मशीन फिरा. आणि ओळ तरी सरळ लिहितात का? आयपीनंतर पूर्ण नाव आधी, आखूड नाव मागून. उलटं लिहिलं की आखूड नावालाच तिकीट मागितलं जातं आणि परत तीच रड. एका डीएनएसमध्ये सुलटी-उलटी नोंद जुळवा की हो.

होटगीकर
डीएनएस बसला की अख्खं डिझाइन खातं बसतं. रात्रपाळीला फोन तुम्ही घेणार का?

कळफलक
दोघंही उलट्या नोंदीला फार भाव देताय. ती नोंद कुणीही खोटी देऊ शकतो. तिच्यावरून सर्व्हरची ओळख ठरवायची, मग कर्बरॉस लावलं कशाला? कर्बरॉसच्या सेटिंगमध्ये ‘आरडीएनएस’ (उलटी चौकशी) फॉल्स करा. पण तेवढ्यावर थांबू नका. माउंटमध्ये ठिपका नसलेलं नाव किंवा नुसता आयपी दिला, तर जीएसएस डिमन (एनएफएससाठी तिकीट मागणारा प्रोग्रॅम) स्वतःच उलटी चौकशी करतो. होटगीकर, त्या दोन मशिनींच्या एफएसटॅबमध्ये (काय माउंट करायचं त्या यादीच्या फाइलीत) आखूड नाव आहे का बघा.

होटगीकर
आहे. बाकीच्यांत पूर्ण नाव.

पाणीवेस
बघा! म्हणजे होस्ट्स फाइलीची गरजच नव्हती.

होटगीकर
तुमच्या डीएनएसची तरी कुठं होती?

सिद्धेश्वर_पेठ
घड्याळं बघितली का बे कुणी? ५ मिनिटांच्या वर फरक पडला तरी तिकीट नाकारतो.

कळफलक
सर्व्हरचं घड्याळ चुकलं असतं तर सगळीच अडली असती, दोनच नाही; त्या दोन मशिनींची तेवढी बघून घ्या. होटगीकर, दुरुस्ती करून आधी ‘केव्हीएनओ’ कमांडने पूर्ण नावाचं तिकीट मागून बघा. मिळालं की मगच माउंट करा.