टिअर्स ऑफ द किंगडम: दोन पंखे आणि एका हँडलने हायरूल लहान केलं का?

काटेसावर (धागाकर्ता)

निन्टेंडोच्या झेल्डा मालिकेतला ब्रेथ ऑफ द वाइल्ड हा गेम आला मार्च २०१७ मध्ये, त्याचा पुढचा भाग टिअर्स ऑफ द किंगडम १२ मे २०२३ ला. मध्ये सहा वर्षं गेली आणि नकाशा तोच, हायरूल राज्याचा. त्यात पहिल्याची किंमत ६० डॉलर, याची ७०. त्यामुळे ‘जुनंच घर रंग मारून विकलं’ हा आक्षेप पहिल्या दिवसापासून आहे. मला तो मुळातच पटत नाही. नकाशा तोच ठेवला हे उत्तम केलं. चूक झाली ती खेळाडूने यंत्रं जोडायच्या एका सुट्या भागात, पंख्यात.

आधी नकाशाचं. पहिल्या गेममध्ये कडा चढायचा म्हणजे स्टॅमिनाच्या (दमाच्या) चाकाकडे डोळे लावून चढायचं, आणि पाऊस आला की घसरायचं. इथे असेंड ही शक्ती आहे. डोक्यावर दगडाचं छत असेल तर त्यातून पोहत थेट वर निघता येतं. ही शक्ती मुळात गेम बनवणाऱ्यांनी तपासणीसाठी स्वतःच्या सोयीला केलेली युक्ती होती, ती त्यांनी खेळाडूला देऊन टाकली. कड्यातून पुढे आलेला खडक पूर्वी नुसती आडकाठी होता, आता तोच जिना झाला. हा फरक ओळखीच्या जमिनीवरच जाणवतो.

दुसरी गोष्ट अल्ट्राहँडची, म्हणजे वस्तू उचलून एकमेकींना जोडायच्या शक्तीची. २०२४ च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये निन्टेंडोच्या ताकुहिरो दोहता आणि ताकाहिरो ताकायामा यांनी सांगितलं होतं की जगातली प्रत्येक हलणारी वस्तू त्यांनी भौतिकशास्त्राच्या नियमांवर सोडली, गाडीसाठी वेगळा प्रोग्राम लिहिलाच नाही. म्हणूनच फळीला चार चाकं लावली आणि एक चाक अर्ध्या हाताने पुढे बसलं, तर गाडी त्या बाजूला ओढते. असं यंत्र स्विचच्या जुन्या टेग्रा एक्स१ चिपवर चाललं, याचं कौतुक अजून पुरेसं झालेलं नाही.

आता पंखा. एक स्टीअरिंग स्टिक, म्हणजे हँडल, घ्या. तिच्या पुढे एक आणि मागे एक पंखा, दोन्ही ४५ अंशांत तिरके, झोत खाली आणि मागे. अल्ट्राहँडने वस्तू ४५-४५ अंशांतच फिरते, त्यामुळे कोन आपोआप जमतो. सांभाळायचं एवढंच की तिन्ही भाग एका रेषेत हवेत, नाहीतर ही उडती बाइक सतत एका बाजूला खेचत राहते. बिघडली तर कंट्रोलरची उजवी स्टिक झटकून भाग सोडवा आणि परत जोडा. एकदा जमली की ऑटोबिल्डमध्ये (आधी केलेलं यंत्र आपोआप परत जोडून देणारी शक्ती) फेव्हरिट करून ठेवायची. जवळ सुटे भाग नसतील तर भागामागे ३ झोनाइट (गेममधलं खनिज), म्हणजे सगळी मिळून ९.

९ झोनाइटला कुठूनही कुठेही. दरी, नदी, पाऊस, राक्षसांचा तळ, सगळं पायाखालून निघून जातं.

आणि हे टाळता आलं असतं. विंग, म्हणजे ग्लायडरसारखं यान, काही वेळाने हिरवी लुकलुकून नाहीशी होते. फुगा नाहीसा होतो, रॉकेट जळून संपतं. म्हणजे उडण्याला मुदत हवी हे बनवणाऱ्यांना पुरतं माहीत होतं. एकट्या पंख्याला मुदत नाही. तेवढं एक कलम घातलं असतं, तर १,००० कोरोक बिया (लपलेल्या वनभूतांकडून मिळणारी बक्षिसं) आणि १५२ श्राइन्स (कोड्यांची छोटी देवळं) असलेलं हे जग पायी, घोड्यावर आणि होडीतूनही जगलं गेलं असतं.

---

पाणकावळा

निरीक्षण बरोबर, निष्कर्षाशी पूर्ण असहमत.

ही बाइक पहिल्या तासात मिळत नाही. ऑटोबिल्डसाठी लुकआउट लँडिंग या तळावरच्या जोशा या पात्राचं काम घेऊन डेप्थ्समध्ये, म्हणजे जमिनीखालच्या अंधाऱ्या जगात, उतरावं लागतं. सुरुवातीची बॅटरी दोन पंख्यांना फार पुरत नाही. बॅटरीचा एकेक तुकडा वाढवायला १०० क्रिस्टलाइज्ड चार्ज लागतात, आणि ते गोळा करायला डेप्थ्समधल्या खाणी आणि तिथले बॉस. म्हणजे ज्याच्याकडे लांबवर उडण्याइतकी बॅटरी आहे, त्याने अर्धं जग आधीच पायाखाली घातलेलं असतं. याला मी कमाई म्हणेन, फुकट नव्हे.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे या बाइकवर सामान ठेवायला जागा नाही. मित्रापर्यंत पोचवायचा तो पाठीवर बोजा घेतलेला कोरोक बघा. त्याला पोचवलं की दोन बिया मिळतात, पण त्याला नेणार कशात? चिकटवला की वजन एकीकडे जातं आणि बाइक कलते. लुरेलिन गाव पुन्हा उभं करायला १५ ओंडके आणि २० हायलियन तांदूळ लागतात. तांदूळ खिशात मावतो, ओंडके नाही. हडसन या बांधकामवाल्याचे बोर्ड हातात धरून उभा असणारा अ‍ॅडिसन ८१ ठिकाणी भेटतो, आणि दर वेळी तिथे पडलेल्या फळ्या-खांबांतूनच टेकू उभा करावा लागतो. या सगळ्या जागांवर बाइकचा उपयोग शून्य. बनवणाऱ्यांनी बाइकला उत्तर दिलंय. ते नियमात न देता कामांत दिलंय.

---

तळघर

दोघेही वर बघताय. मूळ दुखणं खाली आहे.

डेप्थ्सची कल्पना अप्रतिम आहे. वरचा नकाशा उलटा करून खाली ठेवलाय: वर डोंगर तिथे खाली खोल खड्डा, वर नदी तिथे खाली अभेद्य भिंत. जमिनीवरच्या प्रत्येक श्राइनच्या बरोबर खाली एक लाइटरूट (आसपासचा अंधार उजळणारं मूळ), एकूण १२०. त्यामुळे अंधारात चाचपडायची गरजच नाही. खालच्या नकाशावर न उजळलेली जागा हेरा, वरच्या नकाशात तिथल्या श्राइनवर पिन लावा, खालचा नकाशा उघडा, पिन तिथेच दिसेल. उलटही चालतं: खाली लाइटरूट सापडलं आणि वर श्राइन दिसत नसेल, तर ते वर एखाद्या गुहेत दडलेलं असतं.

पण एवढी सुंदर चौकट उभी करून आत ठेवलं काय? जिथे जाल तिथे तीच राखाडी जमीन, तीच झाडं, त्याच यिगा टोळीच्या चौक्या. वर वाळवंट, बर्फ, जंगल, ज्वालामुखी असे प्रदेश बदलतात, खाली एल्डिनचा भाग सोडला तर सगळं सारखं. पेट्यांत बरेचदा निघतात ते मागच्या गेममध्ये अमिबो या वेगळ्या विकत मिळणाऱ्या खेळण्यांवर मिळणारे पोशाख. ग्लूम या विषारी चिखलाने हृदयं (जीव मोजायच्या खुणा) तडकतात, ती लाइटरूटपाशी किंवा सनडेलियन हे फूल घालून केलेल्या पदार्थाने भरून येतात. ही भीती पहिले दहा तास खरी असते. नंतर पुढच्या लाइटरूटपर्यंत सरळ रेषेत उडणं एवढंच उरतं, आणि ते काम कंटाळवाणं आहे म्हणूनच लोक बाइक काढतात. बाइकने जग लहान केलं नाही. जग रिकामं होतं म्हणून बाइक लागली.

---

काटेसावर

@पाणकावळा, सामानाचा मुद्दा मान्य, तो माझ्या लक्षातून सुटला होता. बॅटरीचा मान्य नाही. बॅटरी संपली की जमिनीवर उतरून क्षणभर थांबलं तरी ती भरते, आणि झोनाई चार्ज वापरला तर हवेतसुद्धा भरते. ‘कमाई’ फार लवकर होते.

@तळघर, खालच्या भागाबद्दल सहमत. पण वरचं जग रिकामं नाही, आणि बाइक तिथेही तेवढीच वापरली जाते. तुमच्या कारणाने वरचा प्रश्न सुटत नाही.

---

अर्धा_चंद्र

पंख्याला मुदत दिली असती तरी काही फरक पडला नसता, कारण खरी पळवाट रिकॉलमध्ये, म्हणजे वस्तूला आलेल्या वाटेने उलटं नेणाऱ्या शक्तीत आहे. श्राइनमध्ये पलीकडच्या उंच ओट्यावर जायचं आहे असं समजा. समोरचा कोणताही लाकडी पाट अल्ट्राहँडने उचला, त्या ओट्यापर्यंत न्या, तिथे दोन-तीन सेकंद धरा, परत आणून पायाशी ठेवा. त्यावर उभे राहा, रिकॉल लावा. पाट आलेल्या वाटेने उलटा जातो आणि तुम्ही पलीकडे. नेताना हात हलला असेल तर पाट परत जाताना तसाच कलतो आणि माणूस खाली पडतो, म्हणून सावकाश न्यायचा. दुसरी पळवाट ढालीला रॉकेट फ्यूज करायची, म्हणजे जोडायची. ढाल उगारली की सरळ वर.

या दोन युक्त्यांनी कितीतरी श्राइन्स कोडं न वाचताच संपतात. फायर टेंपल या मोठ्या देवळात तर हे फारच खटकतं. खाणगाड्यांच्या रुळांचं इतकं गुंतागुंतीचं जाळं विणलंय, कुठला रूळ कुठे वळवायचा यावर सगळी मजा आहे, आणि भिंत चढून-असेंड करून पाचही कुलपांपर्यंत जाता येतं. ज्याने कोडं सोडवलं आणि ज्याने टाळलं, त्या दोघांना बक्षीस एकच.

याउलट लाइटनिंग टेंपल बघा. वर छत, आत आरसे, उजेडाचा झोत आणि तो वळवत वळवत न्यायचा. तिथे कोडं कोड्यासारखं राहतं. प्रूव्हिंग ग्राउंड्स नावाच्या श्राइन्समध्ये तर दारातच कपडे, शस्त्रं, सामान सगळं काढून घेतात आणि आत पडलेल्या काठ्या-दगडांवर लढायला लावतात. गेममधल्या सर्वांत ताणाच्या लढाया त्याच. बंधन घातलं की हा गेम उंचीवर जातो, हे बनवणाऱ्यांनीच दाखवून दिलंय.

---

कंदील

अर्धा_चंद्र, पळवाट सापडणं हाच या गेमचा आनंद आहे. पाट नेऊन रिकॉल लावायचं सुचणं हेही कोडं सोडवणंच. ‘बरोबर’ उत्तर एकच असावं ही अपेक्षा जुन्या गेम्सची, तिने या गेमला मोजू नये.

आणि शस्त्रांबद्दल कुणीच बोललं नाही, याचं आश्चर्य वाटतं. मागच्या गेमवरचा सर्वांत मोठा राग शस्त्रं तुटण्याचा होता. इथे शस्त्रं तुटतातच, पण फ्यूजमुळे त्या तुटण्याला अर्थ आला. गंजकी तलवार आणि राक्षसाचं शिंग जोडलं की ताकद शिंगाची, आणि वर आणखी २५ फटक्यांचं आयुष्य. सिल्व्हर लायनेल या बलाढ्य राक्षसाच्या सेबर हॉर्नची भर ५५ ची. गिब्डोचं हाड ४० ची भर देतं पण काही फटक्यांतच तुटतं, म्हणून ते बॉसच्या उघड्या पडलेल्या मर्मासाठी राखून ठेवायचं, साध्या बोकोब्लिन राक्षसावर घालवायचं नाही. लिझाल्फोस या सरड्यासारख्या शत्रूची शेपटी लावली तर लांबवर पोच मिळते. म्हणजे प्रत्येक शत्रू आता दुकान झालाय.

दोन सूचना नव्या लोकांसाठी. मेन्यूतून फ्यूज काढलं तर जोडलेली वस्तू नष्ट होते. टॅरी टाउनमध्ये पेलिसन नावाचा गोरॉन मुलगा २० रुपयांत दोन्ही सुटं करून परत देतो (तिथलं चलन रुपीज, आपले नव्हेत). आणि बाण फ्यूज करताना यादीत शोधत बसू नका, वाय दाबून ‘सर्वाधिक वापरलेलं’ हा क्रम लावा, कीझ वटवाघळांचे डोळे पुढे येतात. मात्र दर बाणाला हे परत करावं लागतं. इतक्या नीटस गेममध्ये ही एक रचना खरंच घाईत उरकल्यासारखी आहे.

---

तळघर

घाईत उरकलेली दुसरी रचना सोबत्यांची. मागच्या गेममध्ये रेव्हाली या सोबत्याची वर उचलणारी झुळूक एक बटण दाबून धरलं की यायची. इथे ट्युलिन, रिजू, सिडॉन, युनोबो हे सोबती मैदानात पळत असतात, आणि शक्ती हवी असेल तर त्यांच्यापाशी जाऊन ए दाबायचं. लढाईत रिजू नेमकी शत्रूच्या पलीकडे. लढाई संपल्यावर शिंगं गोळा करायला ए दाबावं, तर शेजारी ट्युलिन उभा, आणि वाऱ्याने शिंगं कड्यावरून खाली. उपाय एकच: मेन्यूत जाऊन प्रत्येकाला आत बोलवायचं, आणि लागेल तेव्हा परत बाहेर काढायचं. उडताना तेवढा ट्युलिन ठेवावा.

---

अर्धा_चंद्र

कथेबद्दल एक आक्षेप. पुढे रहस्यभेद आहे, खेळायचं असेल तर हा प्रतिसाद सोडा.

चारही देवळांनंतर तोच प्रसंग येतो: पूर्वज ऋषी, तेच युद्ध, तीच गुप्त रत्नाची माहिती. शब्दसुद्धा जवळपास तेच. कुठलं देऊळ आधी करणार हे ठाऊक नसल्याने प्रत्येकात मूळ माहिती घातली, हे कारण समजतं. पण चौथ्यांदा ऐकताना समजून उपयोग नसतो.

याहून गंभीर म्हणजे आठवणी. ड्रॅगनच्या अश्रूंच्या आठवणी, शेवटची सोडली तर, कुठल्याही क्रमाने बघता येतात. राजकन्या झेल्डा स्वतः ड्रॅगन झाली आणि हजारो वर्षं आकाशात फिरते आहे, याचा अंदाज एखाद्याला तिसऱ्याच आठवणीत येतो. त्यानंतर तासन् तास गावोगावची माणसं ‘राजकन्या कुठे दिसली का’ विचारत राहतात, आणि आपला नायक लिंक गप्प. असा करुण कणा या मालिकेत क्वचित आलाय, आणि मांडणीने त्याची धार घालवली. त्यामुळे पुढे जाणाऱ्यांनी आधी फॉरगॉटन टेंपल गाठावं. तिथल्या भिंतींवरच्या चित्रांचा क्रम हाच आठवणींचा क्रम. तसं बघितलं तर कथा दुप्पट परिणाम करते.

---

पाणकावळा

आठवणींच्या क्रमाबद्दल शब्दन् शब्द सहमत. तो क्रम गेमने खेळाडूवर लादायलाच हवा होता.

पण काटेसावर, बघा, कथेत बंधन मागताना मी कचरत नाही आणि प्रवासात मागायला तयार नाही, याचं कारण आहे. आठवण एकदाच बघायची असते. वाट शंभरदा तुडवायची असते. कोरोकसाठी तोच डोंगर सातव्यांदा चढताना बाइक नसेल, तर माणूस गेम बंद करेल.

---

काटेसावर

सातव्यांदा चढताना हरकत नाहीच, माझी तक्रार पहिल्या वेळेची आहे. विंड टेंपलकडे जाणारी वाट आठवा: हिमवादळ, हवेत तरंगणाऱ्या होड्या, एकीवरून उसळी मारून दुसरीवर, आणि प्रत्येक उसळीबरोबर चढत जाणारं संगीत. ती पंख्याने केली असती तर काय उरलं असतं?

५ जून २०२५ ला स्विच २ साठीची आवृत्ती आली. सेकंदाला ३० ऐवजी ६० फ्रेम्स, चित्र स्वच्छ, अल्ट्राहँड वापरताना अडखळणं गेलं. पंख्याचा नियम मात्र तोच आहे. त्यामुळे पहिल्यांदा खेळणाऱ्यांना माझी शिफारस: वरच्या जगातले सगळे टॉवर उघडेपर्यंत पंख्याची बाइक करू नका, विंग वापरा. आकाशातल्या बेटांवर तिरके रूळ असतात, त्यावर विंग ठेवायची, मागच्या टोकाला एक पंखा, मधोमध उभं राहायचं. पुढे सरकलात तर नाक खाली जातं, मागे सरकलात तर वेग मरतो. ती हिरवी लुकलुकायला लागली की खाली नजर टाकून उतरायची जागा ठरवा, आणि पॅराग्लायडर उघडा.