गुडघा किती वाकतो ते घरी मोबाइलने मोजायचंय, अ‍ॅप सुचवा

निवांत_पुणेकर
आईचा उजवा गुडघा गेल्या महिन्यात बदलला. ती आणि बाबा कराडला, मी पुण्यात. फिजिओ आठवड्यातून दोनदा घरी येतात, प्लास्टिकच्या गोनिओमीटरने कोन मोजून जातात. मधल्या दिवसांत बाबा म्हणतात "आज जास्त वाकला", आई म्हणते "कालच्याइतकाच", आणि निवाड्यासाठी फोन मला! मोबाइलच्या सेन्सरने हे मोजता येतं का? बाबांकडे साधा अँड्रॉइड आहे. पैसे भरायचं अ‍ॅप नको, जाहिराती तर मुळीच नकोत.

खटपट्या
फायफॉक्स घ्या. जर्मनीतल्या आखेनच्या आरडब्ल्यूटीएच विद्यापीठाने भौतिकशास्त्राच्या प्रयोगांसाठी केलंय. फुकट आहे, जाहिराती नाहीत. त्यात 'इन्क्लिनेशन' उघडा. आयफोनवाल्यांना काहीच उतरवायला नको, 'मेझर'मध्ये लेव्हल असतेच.

फक्त एक लक्षात घ्या. फोनमधल्या अ‍ॅक्सेलरोमीटरला गुरुत्वाकर्षणाची दिशा तेवढी कळते, म्हणजे ही गवंड्याची पाणसळच. फोन किती कललाय ते सांगेल, गुडघा त्याला दिसत नाही. म्हणून मांडीला एकदा आणि नडगीला एकदा, असा दोनदा लावायचा.

फिजिओ_ताई
मी याच धंद्यातली, म्हणून जरा सविस्तर लिहिते. आईंना पाठीवर झोपवा आणि टाच गादीवरून घासत त्यांची त्यांनाच जवळ आणू द्या. बाबांनी पाय ओढायचा नाही. खुब्याच्या हाडापासून गुडघ्याच्या बाहेरच्या उंचवट्यापर्यंत मनात रेघ ओढा आणि मांडीच्या बाहेरून फोनची लांब कड त्या रेघेला लावा. आकडा लिहा. मग तीच कड नडगीच्या हाडावर, पुढून. आडव्या रेषेपासूनचे दोन्ही कोन मिळवायचे: मांडी ४५, नडगी ४७, म्हणजे गुडघा ९२ अंश वाकला. कव्हर काढून ठेवा आणि बटणं नसलेली कड वापरा, नाहीतर व्हॉल्यूमचं बटण हाडावर टेकतं नि फोन तिरका होतो.

दोन अनुभवी माणसांच्या गोनिओमीटरमध्येही ५ अंशांचा फरक सहज पडतो. तेव्हा २-३ अंशांवरून पेढे वाटू नका नि रडूही नका. मोजणारा माणूस एकच ठेवा, शक्यतो वेळही एकच. संध्याकाळी सूज जास्त असते.

आणि सगळे वाकण्याच्या मागे लागतात, मला काळजी असते सरळ होण्याची! सपाट चालायला ६० ते ६५ अंश पुरतात, जिन्याला ९०च्या आसपास, खुर्चीतून उठायला त्याहून थोडे जास्त. पण गुडघा पूर्ण सरळ झाला नाही तर माणूस लंगडतच राहतो. गुडघ्याखाली उशी घेऊन झोपायची सवय असेल तर आजच बंद करा. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी चालेल. पोटरी दुखून सुजली, ताप आला किंवा जखमेतून पाणी आलं तर मोजमाप सोडून सर्जनना फोन.

आगाऊ_कार्टं
कॅमेऱ्यासमोर व्यायाम केला की सांध्यांवर ठिपके काढून कोन सांगणारी अ‍ॅपंही असतात. सासूबाईंवर करून बघितलं. गाऊनमध्ये गुडघा नक्की कुठे आहे हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. नऊवारीत तर विचारूच नका.

निवांत_पुणेकर
सगळ्यांचे आभार. बाबांनी काल फिजिओंसमोरच मोजलं. फोन ९४, त्यांचा गोनिओमीटर ९०. ते म्हणाले, चालेल, पण तुमच्या वहीत फोनचेच आकडे ठेवा, माझे माझ्या कागदावर राहू देत, मिसळू नका.

आता बाबांना स्वतःचा आखडलेला खांदा मोजायचाय! बसून, कोपर कमरेला लावून हात बाहेर फिरवतात, पण आकडा हलतच नाही. फोन बिघडला का?

खटपट्या
फोन ठणठणीत आहे. तसं बसून हात फिरवला की फोन आडव्या पातळीतच फिरतो, गुरुत्वाकर्षणाशी त्याचा कोन बदलत नाही. मग तो दाखवणार काय? होकायंत्राच्या सेन्सरने जमतं, पण जवळ लोखंडी कॉट किंवा कपाट असेल तर तो काहीही सांगतो. बाबांना झोपून करायला सांगा. कोपर कमरेशी काटकोनात, मूठ छताकडे, आणि तिथून हात बाहेर झुकवायचा.

फिजिओ_ताई
बरोबर. कोपराखाली टॉवेलची घडी ठेवा, म्हणजे खांदा मागे पडणार नाही. आणि आधी चांगला हात मोजून घ्या, तुलना त्याच्याशीच करायची आहे.